पुढच्या खोलीतला लेथ

माझ्या सासूबाईंनी घरातला सोफा विकला तेव्हा मी कामावर होते, नाहीतर तो वाचला असता. संध्याकाळी पोस्टातून घरी येऊन बघते तर सोफ्याच्या जागी एक गंजकं लोखंडी धूड उभं, आणि त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून सासूबाई त्याच्या पोटात टॉर्च मारतायत. मी म्हटलं, "आई, कुणी आलं-गेलं तर बसणार कुठे?" मान वर न करता त्या म्हणाल्या, "नुसतं बसायला येणारी माणसं मला नाहीतरी आवडत नाहीत."

झालं! यावर पुढे काय बोलणार, कपाळ? मी तणतणत आत गेले, चहाचं भांडं घ्यायला हात घातला, तर भांडं जागेवर नाही. ते न्हाणीघरात होतं, त्यात व्हिनेगर, आणि व्हिनेगरमध्ये गंज सुटायला टाकलेले सतरा बोल्ट.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांची बोलणी खायची आणि घरी येऊन रॉकेलच्या वासात जेवायचं, तर देवमाणूसही तापेल. पण सासूबाईंशी भांडण्यात अर्थ नसतो. लोणी लावून काही उपयोग नाही, त्यांना फक्त ग्रीस कळतं.

लाकूडकामाची जुनी मशीनं घरी आणायची, ती पार सुटी करायची, गंज काढायचा, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा चालती करायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्याआधी एकोणतीस वर्षं त्या शाळांची बाकं बनवणाऱ्या कारखान्यात होत्या. लागल्या त्या भुसा झाडायला. मशीन बिघडलं की झाडू हातात धरून फिटरच्या मागे उभ्या राहायच्या. तो फिटर म्हणजे एक नंबरचा खवीस, बाईमाणसाच्या हातात पाना द्यायचा नाही. एक दिवस तो रजेवर, रंधा मशीन अडलेलं, सगळे हातावर हात धरून बसलेले. आईंनी झाडू भिंतीला टेकवला, झाकण उघडलं, आत अडकलेला चिंधीचा बोळा ओढून काढला आणि पुन्हा झाडायला लागल्या. त्या दिवसापासून त्या फिटरबाई झाल्या. पुढे खरोखरच्या फिटरही झाल्या. कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांना निरोपाचं घड्याळ मिळत होतं. या म्हणाल्या, वेळ मला कळते, मला तो मोडका रंधा द्या.

तेव्हापासून आमच्या पुढच्या खोलीत कधी रंधा, कधी पट्टा करवत, कधी भोकं पाडायचं मशीन. कामाची त्यांची रीत ठरलेली. खोलण्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो. मग एकेक भाग सुटा, त्याला दोऱ्याने चिठ्ठी. बारीकसारीक भाग जॅमच्या बरण्यांत, आणि बरण्या माझ्या मसाल्यांच्या फळीवर. एकदा आमच्या ह्यांनी काळी मिरी समजून बेअरिंगच्या गोळ्या खलात घातल्या होत्या. खलाचा टवका उडाला, गोळ्यांना काही झालं नाही, आणि आई त्या बेअरिंगचं कौतुक आठवडाभर करत होत्या.

तर, लेथची गोष्ट. एका रविवारी सकाळी टेम्पो थांबला आणि मागोमाग एक बाई बोलत बोलतच आत आल्या. तुम्हीच का फिटरबाई, जिना किती अरुंद हो तुमचा, पाणी मिळेल का, असं एका दमात. टेम्पोत त्यांच्या नवऱ्याचा लेथ होता. नवरा कातारी, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून पटाशीने त्याला गोल आकार देणारा. पलंगांचे पाय, जिन्यांचे कठडे, खुंट्या, मुठी, सगळं केलेलं. मग नजर कमी होत गेली, आणि आता सहा वर्षं डोळ्यांपुढे पूर्ण अंधार. लेथ शेडमध्ये पडून होता.

"आधी ते कमी बोलायला लागले," त्या काकू म्हणाल्या. "मग नुसतं हो आणि नाही. आता तर तेही नाही. खुर्चीत बसून असतात. घरात दोघांच्या वाटचं मी एकटी बोलते बघा. परवा भाजी निवडता निवडता माझ्या लक्षात आलं, मी प्रश्नही विचारतेय आणि उत्तरही मीच देतेय." एवढं बोलून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "डॉक्टर म्हणतात, कशात तरी मन रमवा. त्यांचं मन कशात रमतं ते मला ठाऊक आहे, ते शेडमध्ये गंजत पडलं होतं. फिटरबाई, एवढा चालू करून द्या. मला पलंगाचे पाय नकोत. ते मला चार शब्द बोलले तरी खूप झालं."

मी आईंना आत बोलावलं. "आई, आंधळ्या माणसाच्या हातात फिरतं लाकूड आणि धारदार पटाशी? नसती आफत ओढवून घेताय."

"लेथला डोळे लागतात किती? रुपयातले चार आणे," आई म्हणाल्या. "बाकीचं काम हात आणि कान करतात. तू पोस्टातली शिक्क्यांची कामं बघ."

नाकाला मिरच्या झोंबल्या मला. पण काकूंचा तो चेहरा डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून गप्प बसले.

पाच महिने त्या लेथमागे होत्या आई. गंज असा की बोट लावलं तर पापुद्रे निघावेत. त्यांनी तो रॉकेलने धुतला, पॉलिश पेपरने घासला, बेअरिंगं बदलली, मोटार नव्याने भरून आणली. फिरवायच्या हातचाकाच्या कडेचा टवका उडालेला होता, तिथे पुट्टी भरून घासून गोल केलं. पटाशी टेकवायची एक लोखंडी पट्टी असते लेथला, तिला टेका म्हणतात. वर्षानुवर्षांच्या वापराने तो टेका खाचाखोचांनी भरला होता. तो कानशीने वरून, खालून, सगळीकडून सपाट केला. शेवटी हिरवा रंग. असं देखणं मशीन मी त्या घरात पाहिलं नव्हतं. पोस्टातल्या दोन मैत्रिणींना मुद्दाम दाखवायला घेऊन आले, आता बोला!

मग कातारीकाका आले. काठी टेकत, एकटे पुढे. काकू जिन्यात त्यांना हात द्यायला गेल्या तर त्यांनी तो झटकला. काकू म्हणाल्या, "हे असंच. सहा वर्षांत हात म्हणून धरू दिला नाही. मी आपली एक पायरी मागे." पण त्या दिवशी त्यांचा आवाज नुसता आनंदाने नाचत होता.

काकांनी काठी भिंतीला लावली आणि मशीनवर दोन्ही हात ठेवले. त्यांचे हात हातचाकावर गेले, कडेवरून फिरले, पुन्हा फिरले. मग टेक्यावर आले, वरून गेले, खालून गेले, थांबले.

"कुणाचं मशीन आहे हे?" ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, "अहो, आपलंच की!"

"आपलं नाही हे."

काठी घेतली आणि निघाले. कित्येक महिन्यांनी ते बोलले, आणि बोलले ते हे. काकू मागून जाताना माझ्याकडे बघून उगाचच हसल्या. ते हसू बघवत नव्हतं.

आई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आधी चिडल्या. एवढी मेहनत केली आणि हे फळ, गाढवाला गुळाची चव काय, वगैरे सगळं झालं. मी पण त्यांच्या सुरात सूर मिसळला, कारण मलाही राग आलाच होता. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत असताना त्या खोलण्याआधीचे फोटो घेऊन ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"हा टवका बघ," त्या म्हणाल्या. "चाक किती फिरलं ते त्यांना या टवक्यावरून कळायचं. आणि टेक्याच्या खालून बोट सरकतं माणसाचं. तिथे झिजून घळ पडली होती, ती मी कानशीने साफ केली. आंधळ्या माणसाचं घर आवरलं गं मी. खुर्च्या हलवल्या, दारं बदलली, वर रंग फासला आणि म्हटलं, बघा किती छान दिसतंय."

मी त्यांच्यापुढे गरम भाकरी ठेवली आणि म्हटलं, "आधी खा. चूक पळून जात नाही कुठे."

त्या खाऊन उठल्या आणि पुट्टी कोरून काढली. फोटो समोर ठेवून टेक्यावर खाच नि खाच परत पाडली. ज्या बाईने आयुष्यभर लोखंडावरचे ओरखडे काढले, ती आता कानस घेऊन लोखंडावर ओरखडे पाडत बसली होती. पंधरा दिवसांनी काकूंनी काकांना गयावया करून पुन्हा आणलं.

या वेळी काकांचे हात फिरले आणि चेहऱ्यावर काहीतरी हललं. मान हलली. आईंनी लाकूड लावून मशीन चालू केलं. काकांनी पटाशी घेतली, टेक्यावर ठेवली, पुढे नेली, आणि फिरत्या लाकडापासून दोन बोटांवर हात थांबला. मग त्यांनी पटाशी खाली ठेवली.

"खुणा बरोबर आहेत, बाई," ते हळू म्हणाले. "पण त्या बघणाऱ्या माणसाच्या आहेत. मला भीती वाटते."

काकूंनी पदर तोंडाला लावला. जिना उतरताना त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. ती बाई गप्प झाली तर त्या घरात आवाज कुणाचा उरणार?

त्यानंतरच्या गुरुवारी मी पोस्टातून लवकर आले. दार उघडते तर लेथ चालू, आणि समोर आई, डोळ्यांवर माझा निळा स्कार्फ घट्ट बांधून, हातात पटाशी. मी किंचाळले. किंचाळायला नको होतं. त्या दचकल्या, पटाशी उडाली आणि बोटाच्या पेराला लागली. मग मी जी सुटले! वय काय, करताय काय, तुमच्या लेकाला मी काय तोंड दाखवू, चार दिवस सुखाचे आलेत ते बघवत नाहीत का तुम्हाला, जे तोंडाला आलं ते. बोलता बोलता पट्टी बांधत होते.

आई शांत बसल्या होत्या, डोळ्यांवर स्कार्फ तसाच. म्हणाल्या, "झालं तुझं बोलून? आता ऐक. भीती नेमकी कुठे बसलीये ते बाहेरून सांगता येत नाही, पोरी. तीन ठिकाणी बसलीये. एक, टेका संपतो कुठे ते कळत नाही, पटाशी घसरेल असं वाटतं. दोन, आपण लाकडाच्या कुठल्या टोकाला आहोत ते कळत नाही. तीन, बंद करायचं बटण पलीकडे आहे, फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागतो. डोळे होते तेव्हा हे लक्षातसुद्धा आलं नसेल त्यांच्या. आजवर माझ्या तरी कुठे आलं?"

मी स्कार्फ सोडला. त्यांचे डोळे लाल झाले होते. मी स्कार्फची घडी घातली. मग म्हटलं, "पुढच्या वेळी मी घरी असतानाच बांधायचा. आणि बटणाशी मी उभी राहणार." त्या म्हणाल्या, "किंचाळणार नसशील तर."

मग आम्ही दोघी लागलो. हो, मी पण! शिक्के मारणारी बाई बटणाशी उभी. आईंनी टेका पुन्हा सपाट केला, पण फक्त वरून, पटाशी सरकते तिथे. खालच्या कडेला, जिथून बोट जातं, तिथे बोटभर अंतरावर एकेक बारीक खाच पाडली. दोन्ही टोकांना टोचणार नाहीत असे छोटे खिळे बसवले, बोट लागलं की कळावं, इथे टेका संपला. आणि खाली पायाशी एक लाकडी दांडी लावली. पाय टेकला की मशीन बंद, पुन्हा टेकला की चालू. डोळे बांधून त्यांनी आठवडाभर त्यावर लाकूड कातलं. शेवटच्या दिवशी माझे डोळे बांधले आणि मला उभं केलं. मला कातायला काय येतंय, डोंबल! पण खरंच सांगते, भीती वाटली नाही.

आता अडचण अशी, की काका यायला तयार नाहीत. काकूंनी फोनवर सांगितलं, "नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. जाऊ द्या फिटरबाई, तुम्ही खूप केलंत. भंगारवाल्याला बोलावते."

आईंनी नुसता टेका सोडवला, फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि मला म्हणाल्या, "चल."

काका खुर्चीत होते. आईंनी 'कसे आहात'सुद्धा विचारलं नाही. तो टेका त्यांच्या मांडीवर ठेवला आणि समोर स्टुलावर बसल्या. काकू माझ्याशी काहीबाही बोलत होत्या, दुधाचं, पाण्याचं. काकांचा हात आधी पडूनच होता. मग एक बोट हललं. खालच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, खिळ्याला लागलं, परत आलं. पुन्हा गेलं.

"चुकलंय," ते म्हणाले.

काकूंचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

"काय चुकलंय?" आईंचा आवाज एकदम तिखट.

"सगळ्या खाचा सारख्या केल्यात. मोजत बसायचं का माणसाने, एक दोन तीन चार? मधली जोडखाच पाहिजे. बोटाला लगेच कळलं पाहिजे, हा मध्य."

"मग येऊन दाखवा कशी पाहिजे ती," आई म्हणाल्या. "मी काय मनकवडी आहे?"

"येतो ना. आत्ता येतो. आणि कानस मी धरणार. तुमची कानस खोल जाते."

आईंची कानस खोल जाते! त्यांच्या तोंडावर दुसरं कुणी असं बोललं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "धरा." आणि पिशवी उचलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्या कशीबशी हसू दाबत होत्या.

त्याच दुपारी आमच्या पुढच्या खोलीत काकांनी स्वतः जोडखाच पाडली. टेका बसवला. पायाने दांडी चारदा दाबून पाहिली, चालू, बंद, चालू, बंद. मग पटाशी उचलली. हात याही वेळी लाकडाजवळ येऊन थांबला. डाव्या हाताचं बोट टेक्याखालून सरकत जोडखाचेपाशी आलं. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी बटणाशी होते, म्हणजे उगाचच.

पटाशी लाकडाला टेकली.

चौकोनी लाकूड आधी टकटक वाजतं, कोपरे लागतात म्हणून. हळूहळू कोपरे गेले, टकटक कमी झाली, आणि मग नुसता एकसारखा सूर उरला. काकांच्या बाह्यांवर, छातीवर लाकडाच्या ढलप्या उडत होत्या. मध्येच पायाने मशीन थांबवायचे, लाकडाला बोटांचा वेढा घालून जाडी बघायचे, पुन्हा चालू. आणि बोलत होते! "लाकूड ओलं आहे बाई, कुठून आणलंत हे?" "पट्टा जरा सैल आहे." आई प्रत्येकाला उत्तर देत होत्या, तोडीस तोड. मला वाटलं, एवढंच तर मागितलं होतं काकूंनी, चार शब्द. झालं की काम.

मग काकांनी मशीन बंद केलं. "कुठे गेलीस?" ते म्हणाले. "इकडे ये. हात लावून बघ, कसं गुळगुळीत झालंय."

काकू पुढे गेल्या. त्यांचा हात लाकडावर ठेवायला म्हणून काकांनी तो मनगटाशी धरला. आणि लाकडापर्यंत तो गेलाच नाही. काकांची बोटं मनगटाभोवती वळली, अंगठा बोटाला भेटून पुढे गेला. तसेच थांबले ते. बोटं जरा वर सरकली, कोपरापर्यंत, आणि खाली आली.

"एवढी बारीक कधी झालीस?" ते म्हणाले.

काकू हळूच हात मागे घ्यायला लागल्या.

"कधी झालीस?"

"गेल्या वर्षी मी बहिणीकडे राहायला गेले होते ना, दीड महिना," काकू म्हणाल्या. "बहिणीकडे नव्हते. दवाखान्यात होते. ऑपरेशन झालं माझं. तुम्ही आधीच एवढे खचलेले, म्हणून नाही सांगितलं. म्हटलं, दिसणार तर नाहीच तुम्हाला."

काकांनी दुसरा हातही त्यांच्या मनगटावर ठेवला.

"आता?"

"आता बरी आहे. परवाच तपासलं. डॉक्टर म्हणाले, बरी आहे."

काकांनी मनगट सोडलं नाही. पायाने चाचपडत आईंचं स्टूल शोधलं, पायानेच ओढून जवळ घेतलं आणि काकूंना त्याच्यावर बसवलं. स्वतः समोर भुशात खाली बसले, हात हातात धरूनच.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "कुठे दुखायला लागलं तिथपासून."

काकू सांगायला लागल्या. आईंनी माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं, आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून पोटभर रडलो.